जनहित ठरवतो कोण? (निमित्त: गावातल्या बायपासची नोटीस)

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्या गावात (फोंडा तालुका, नाव मुद्दाम देत नाही) बायपाससाठी भूसंपादनाची नोटीस लागली आहे. पंचायतीच्या फलकावर सर्व्हे नंबरांची लांबलचक यादी आहे. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यक आहे. रविवारच्या ग्रामसभेत त्यावरून खडाजंगी झाली. रस्ता जनहिताचा आहे, विरोध करणारे आपमतलबी, असे एका गटाचे म्हणणे. झर आटवून आणि कुळागरे (पोफळीच्या बागा) कापून होणारा रस्ता जनहिताचा कसा, असे दुसऱ्याचे. सरपंच दोघांनाही मान डोलावत होते. ठराव नेमका काय झाला ते सचिवालाही सांगता येईना.

आधीच सांगून टाकतो, आमच्या पोफळीच्या बागेचा एक तुकडा या आखणीत जातो. ते लपवून इथे तत्त्वचर्चा करणे बरे नव्हे. पण प्रश्न माझ्या पोफळींपलीकडचा आहे. जनहित हा शब्द सरकार वापरते, याचिका करणारे वापरतात, बिल्डरही वापरतो. तो तपासायची काही रीत आहे की ज्याचा आवाज मोठा त्याचे जनहित?

जुवारीपार

बाग जाते म्हणून जनहित आठवले! रागावू नका कुळागरबाब, पण गोव्यात प्रत्येक प्रकल्पाला हेच होते. कोकण रेल्वेचे आठवा. खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते) बुडतील, गावे तुटतील म्हणून केवढा गदारोळ. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेची याचिका फेटाळली. विकास म्हटला की पर्यावरणाला थोडीफार झळ बसणारच, तेवढ्यासाठी लोकोपयोगी प्रकल्प सोडून देता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय. पुढच्या वर्षी केंद्राने गोव्यातले काम काही काळ थांबवले, न्यायमूर्ती ओझांकडे चौकशी दिली. शेवटी २६ जानेवारी १९९८ ला रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. आज चतुर्थीला मुंबईहून घरी येणाऱ्यांतला कोण म्हणेल की ती नको होती?

आणि आयआयटी? २०१६ पासून फर्मागुडीत उसन्या जागेत. लोलये नको, सांगे नको, शेळ-मेळावली नको, कोडार नको. शिक्षणसंस्था जनहितात बसत नसेल तर बसते तरी काय?

मानशीवाला

जुवारीपार, त्या वेळी रेल्वे नको म्हणणारे थोडे होते. भांडण आखणीचे होते. खाजनातून भराव घालून नेण्याऐवजी आतून न्या, एवढी मागणी. ती बरोबर की चूक यावर वाद घाला, पण 'रेल्वेविरोधी' म्हणून मोकळे होऊ नका. आखणीवर बोलणाऱ्याला प्रकल्पाचा शत्रू ठरवले की मग पर्यायाबद्दल कुणी बोलतच नाही.

मेळावलीचेही तसेच. कागदावर ती सरकारी जमीन, लोकांच्या लेखी पिढ्यान्‌पिढ्या काजू लावलेली. सत्तरीत मोकासो, आल्वारा असले जमिनीचे जुने गुंते अजून सुटलेले नाहीत. जो माणूस तीस वर्षे मालकी हक्काच्या कागदासाठी मामलेदाराकडे खेटे घालतोय, त्याच्या दारात एके सकाळी पोलीस संरक्षणात मोजणी येते. मग त्याने आयआयटीच्या थोरवीवर भाषण ऐकून घ्यावे? २०२१ च्या जानेवारीत सरकारला तिथून माघार घ्यावी लागली ती उच्चशिक्षणाला विरोध होता म्हणून नव्हे.

जुवारीपार

मान्य, जमिनीचे गुंते आधी सोडवायला हवे होते. पण मग प्रत्येक तालुक्यात तेच कारण पुढे येणार. आयआयटी हवेत बांधायची काय?

काळाकोट

पणजीत वकिली करतो. दोन्ही बाजू चढलेल्या दिसतात, म्हणून एक खटला सांगतो. माझ्या मते गोव्यात या विषयावर याहून बोलके प्रकरण नाही.

दोना पावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. तिथल्या पंचतारांकित हॉटेलासाठी सरकारने १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली खाजगी जमीन घेऊन दिली. पर्यटनविकास हे प्रयोजन. १९८३ च्या करारात अट होती की लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडवायची नाही. पुढे बांधकामाने वाट अडली. लोक कोर्टात गेले, आणि २० जानेवारी २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: किनारा ही सरकारने जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, वाट मोकळी करा, आड येणारे बांधकाम पाडा.

इथवर छान. पण त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली, तीही पूर्वलक्षी, थेट १९६४ पासून लागू होणारी. त्यामुळे ते बांधकाम वाचले. दुरुस्तीला आव्हान दिले गेले, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

आता मोजा. जमीन घेतली जनहितासाठी, बांधकाम पाडायला सांगितले जनहितासाठी, कायदा बदलून ते वाचवले तेही जनहितासाठीच. म्हणून अशिलाला मी जनहिताच्या व्याख्येत शिरू देत नाही. लाभ कुणाला, किंमत कोण मोजतो, दुसरा मार्ग पाहिला का, आणि हे सगळे लेखी कुठे आहे, एवढे विचारायला लावतो.

आबोली_काणकोण

काळाकोट, वाचून अंगावर काटा आला. पण मग आता नव्या कायद्यातही कुठलेही हॉटेल 'सार्वजनिक प्रयोजन' होऊ शकते का?

काळाकोट

नाही आबोलीबाय. २०१३ चा कायदा (१ जानेवारी २०१४ पासून लागू) सार्वजनिक प्रयोजनांची यादीच देतो. त्यातल्या पायाभूत सुविधांतून खाजगी हॉटेले, खाजगी रुग्णालये आणि खाजगी शिक्षणसंस्था स्पष्टपणे वगळल्या आहेत. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची आधी संमती लागते, सरकारी-खाजगी भागीदारीत ७० टक्क्यांची. निव्वळ सरकारी रस्त्याला मात्र संमतीची अट नाही.

कुळागरबाब, तुमची नोटीस कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कलमाची? हे कळल्याशिवाय पुढे बोलणे व्यर्थ. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा महामार्ग कायदा लागतो. हरकतीला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून फक्त २१ दिवस, आणि सामाजिक परिणामांचा अभ्यासच लागत नाही, कारण २०१३ च्या कायद्याने चौथ्या अनुसूचीत महामार्ग कायदा बाहेर काढून ठेवला आहे. म्हणजे ज्या रस्त्यांना सगळ्यात जास्त जमीन लागते, तिथेच जनहिताची तपासणी सगळ्यात कमी. हे मला कधीच पटलेले नाही.

कुळागर

राज्य मार्ग आहे. नोटीस उद्या नीट वाचून सांगतो, फोटोत कलम दिसत नाही.

गांवकार_दिवाडी

एवढे कायदे सांगता, पण गोव्यात सामाईक हिताची रीत सरकारच्या आधीपासून आहे. गांवकारी, म्हणजे नंतरचे कोमुनिदाद. १५२६ च्या फोरालात (सनदेत) पोर्तुगीजांनी तिची वहिवाट लिहून काढली, नवी बसवली नाही. जमीन गावाची, शेते लिलावाने कसायला, त्या उत्पन्नातून बांध-मानशींची (पाणी अडवायच्या दारांची) डागडुजी, देवळाचा खर्च, आणि उरेल तो झोण (वाटा) गांवकारांना, म्हणजे गावाच्या मूळ घराण्यांना. बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्या शेतात. तेव्हा जनहित कुठे आहे ते कुणाला समजावावे लागत नव्हते. आता सगळे पणजीत ठरते म्हणून ही वेळ आली.

मुंडकाराची_लेक

दिवाडीबाब, चित्र सुंदर काढलेत. त्यात आम्ही कुठे आहोत? झोण गांवकारांच्या पुरुष वंशजांना. बायकांना नाही. कुळांना नाही. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात खोप बांधून राहणाऱ्या मुंडकाराला तर बांधावर राबायचे काम होते, बोलायची जागा नव्हती. कसणाऱ्याला १९६४ च्या कूळ कायद्याने आणि राहणाऱ्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने आधार मिळाला. ते कायदे झाले तेव्हा गावातल्या बड्यांना तेही गावाच्या हिताविरुद्धच वाटले होते.

गाव एकमताने बोलते म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, सभेला कोण बसले होते.

गांवकार_दिवाडी

हे नाकारत नाही. तरी एक सांगतो, बांधाची डागडुजी आज कोण करते? कूळ मालक झाले, कूळसंघ झाले, आणि मानशीचा लिलाव मासळीसाठी होतो. मासळीसाठी पाणी आत घेतात आणि शेत खारावते. हक्क मिळाला, पण सामाईक कामाची जबाबदारी कुणी उचलली नाही. दोन्ही खरे आहे.

मुंडकाराची_लेक

हे मान्य. आमच्याकडेही दोन मानशी तशाच कुजल्या आहेत.

डिचोलीकर

सगळे जमिनीवर बोलताय म्हणून खाणपट्ट्यातून एक. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट ठेवली. नूतनीकरण झालेले ८८ लीज २०१८ मध्ये रद्द. आमच्या भागात अंगणा-अंगणात ट्रक उभे राहिले, कर्जाचे हप्ते चालूच. पणजीचे मित्र म्हणायचे, जनहिताचा विजय झाला. डिचोली, सत्तरी, सांगेतली माणसे जनांत मोजत नाहीत की काय, असे वाटायचे.

पण उलट बाजूही आहे. खाणीच्या मातीने शेते लाल झालेली, विहिरी आटलेल्या, आणि शाह आयोगाच्या अहवालात बेकायदा उत्खननाचा पाढा. ट्रकवाल्याचे पोट आणि शेजारच्या शेतकऱ्याचे पोट, दोन्ही एकाच गावात. त्या २०१४ च्या निकालातली एक गोष्ट मला सर्वात शहाणपणाची वाटते: खनिजाच्या विक्रीतले १० टक्के कायम निधीत ठेवायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. जे अजून जन्मलेच नाहीत त्यांनाही हिस्सेदार धरले. ग्रामसभेत त्यांच्या वतीने हात वर करणारे कुणी नसते.

जुवारीपार

डिचोलीकर, नेमके हेच मला म्हणायचे होते. याचिका करणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही. जनहित याचिकेचा धंदा झाला आहे.

काळाकोट

धंदा काही ठिकाणी झाला, खरे आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बलवंतसिंग चौफाल प्रकरणात ताकीद दिली: याचिकेमागे खाजगी लाभ किंवा अंतस्थ हेतू नाही ना ते आधी तपासा, उगाच आलेल्यांना दंड करा. पण ही वाट उघडली कशासाठी ते विसरू नका. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगातले कच्चे कैदी समोर आले. गुन्ह्याला शिक्षा असेल त्याहून जास्त काळ काही जण नुसते खटल्याची वाट पाहत आत होते. ते स्वतः कोर्टात येणार कसे? १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात न्यायमूर्ती भगवतींनी तत्त्व मांडले, की गरिबीमुळे वा असहायतेमुळे ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी दुसरा कुणी येऊ शकतो.

आणि मोलेंचे अभयारण्य घ्या. लोहमार्ग दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. केंद्रीय उच्चाधिकार समितीने त्याआधी म्हटले होते की एवढे नाजूक जंगल तोडून क्षमता वाढणार ती किरकोळ, या खटाटोपाची गरजच दाखवलेली नाही. न्यायालयाने रेल्वेला कायमची बंदी केली नाही, नीट अभ्यास करून पुन्हा या म्हटले. यात विकासविरोध कुठे दिसतो?

जुवारीपार

गरज सिद्ध करा, एवढे म्हणणे असेल तर माझी हरकत नाही. माझा राग 'काहीच नको'वाल्यांवर आहे.

झोनबदल_पाहिलेला

मोठ्या प्रकल्पांवर सगळे तुटून पडतात. खरी गंमत लहान अक्षरांत. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) घातले: प्रादेशिक आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करायला. मग अर्ज येऊ लागले, एकेका सर्व्हे नंबराचे. भातशेती चुकून दाखवली होती म्हणे, मुळात ती सेटलमेंटच (वस्तीची जमीन)! मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ आवळला आणि त्याखालचे नियम रद्द केले. तोवर जमिनीचा झोन बदलू देणारे कलम ३९-अ आलेले होतेच.

२००७ च्या जानेवारीत प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर येऊन मागे घ्यायला लावला, कारण तो एक नकाशा होता, सगळ्यांना दिसत होता. शंभर अर्जांविरुद्ध मोर्चा कसा काढणार?

मुंबईचा_गोंयकार

गोव्याबाहेरचे एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने (मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींवरून आलेले प्रकरण) सांगितले की संविधानाच्या ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक साधने' म्हणजे प्रत्येक खाजगी मालमत्ता नव्हे. काही असू शकतात, पण सरसकट नाही. त्याच वर्षी मे महिन्यात संविधानाच्या ३००-अ (मालमत्तेचा हक्क) खाली जमीन घेताना सरकारवर कोणती बंधने असतात तेही न्यायालयाने मोजून दिले: नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य मोबदला वगैरे सात. कुळागरबाबना 'कारणांसह निर्णय' हे उपयोगी पडावे.

आबोली_काणकोण

माहिती अधिकार टाका ना! आखणीचे पर्याय, वाहतुकीची मोजणी, खर्च. गोव्याने स्वतःचा माहिती हक्काचा कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाच्या आठ वर्षे आधी. आताच्या कायद्याच्या ८(२) मध्ये जनहित आपल्या बाजूने वापरता येते: गोपनीयतेने होणाऱ्या रक्षणापेक्षा माहिती उघड करण्यातले जनहित जड असेल तर माहिती देता येते. (वैयक्तिक माहितीच्या ८(१)(ञ) मधली तशी सवलत २०२३ च्या डिजिटल विदा कायद्याने काढली, म्हणून आता ८(२) वरच जोर द्यायचा.)

कुळागर

पंचायतीत जाऊन आलो. नोटीस २०१३ च्या कायद्याच्या कलम ११ खालची आहे. सामाजिक परिणाम अहवालाचा सारांश 'सोबत जोडला आहे' असे लिहिलेय. फलकावर जोडलेला नाही. सचिवांनी कपाटातून काढून दाखवला, इंग्रजीत. पर्यायांबद्दल त्यात एक वाक्य: अन्य आखणी तपासली, व्यवहार्य आढळली नाही. कुठली आखणी, का व्यवहार्य नाही, आकडा एक नाही. झरीचा उल्लेखच नाही, आणि तिच्यावर खालची पंधराएक घरे अवलंबून आहेत. माझी बाग त्या घरांच्या वर.

काळाकोट

मग तुमच्या हातात बरेच आहे. कलम ४(४) नुसार अहवालाने पाहायचे असते: प्रयोजन खरेच सार्वजनिक आहे का, किती कुटुंबे बाधित, घेतलेली जमीन अगदी किमान गरजेपुरती आहे का, दुसऱ्या जागेचा विचार होऊन ती अशक्य ठरली का, आणि सामाजिक किंमत लाभाच्या मानाने किती. कलम ११(३) म्हणते, नोटिशीतच प्रयोजनाचे स्वरूप आणि अहवालाचा सारांश हवा. आणि कलम ६ नुसार अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीत ठेवायला हवा.

हरकत कलम १५ खाली, ६० दिवसांत, जिल्हाधिकाऱ्यांकडे, लेखी. जनहित याचिकेच्या फंदात पडू नका, तुमची बाग जाते हे पहिल्याच तारखेला समोरचा वकील काढेल. कलम १५ मध्ये तुमचा स्वार्थ आड येत नाही. जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच तो हक्क आहे, आणि प्रयोजनाच्या समर्थनालाही हरकत घेता येते. प्रत्यक्ष सुनावणी मागा.

शुद्ध_मराठी

स्थानिक भाषा म्हणजे मराठी असायला हवी. गोव्यात वर्तमानपत्रे कोणत्या भाषेत वाचतात ते पाहा.

रोमी_फाटकीं

राजभाषा कोंकणी आसा. १९८७ चो कायदो वाच मरे.

शुद्ध_मराठी

त्याच कायद्यात मराठीचीही तरतूद आहे, सोयीस्कर विसरता.

संपादक मंडळ

भाषावादाचे पुढचे एकवीस प्रतिसाद काढून टाकले आहेत. त्यासाठी स्वतंत्र धागा आहे, तो कधीच बंद पडत नाही. इथे विषयावर राहा.

मुंडकाराची_लेक

कुळागरबाब, त्या पंधरा घरांपैकी किती जण मुंडकार? एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर त्यांची नावे नसतील तर त्यांना वाटेल आपल्याला हरकतच घेता येत नाही. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत जमीन नसलेलेही येतात, पोट त्या जमिनीवर असले तर. त्यांना घेऊन जा. तुमच्या एकट्याच्या सहीची हरकत म्हणजे बागवाल्याची हरकत.

कुळागर

सात घरे मुंडकारांची. आज संध्याकाळी बोलतो. त्यातले दोघे ग्रामसभेत रस्त्याच्या बाजूने ओरडत होते, मुलांना फोंड्याला कामाला जायला सोपे होईल म्हणून. त्यांचे म्हणणे चूक म्हणता येत नाही.

जुवारीपार

चूक नाहीच. म्हणून हरकतीत नुसते 'नको' लिहू नका. जुना रस्ता जिथे पुलापाशी अडतो, तेवढाच पूल रुंद केला तर काय होते ते विचारा. खर्च मागा, दोन्हींचा. वाहतुकीची मोजणी कुठल्या महिन्यात केली तेही विचारा. डिसेंबरातली असेल तर पर्यटकांच्या गाड्या धरून रस्ता दुप्पट दिसणारच. आणि त्या दोघांचे म्हणणे हरकतीत एका परिच्छेदात लिहा, रस्ता हवा पण असा का नको ते. सुनावणीत तेच विचारतील. मसुदा इथे टाका, मी त्यातल्या चुका काढतो.

कुळागर

मुदतीला अजून वेळ आहे. रविवारपर्यंत मसुदा टाकतो. काळाकोट, तोवर एक सांगा: मुंडकारांच्या सह्या एकाच अर्जावर घ्यायच्या की वेगवेगळे अर्ज?

काळाकोट

वेगवेगळे. प्रत्येकाला सुनावणीची वेगळी नोटीस यायला हवी. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.